आई रानात, बाळ घरी : अंगावरच्या दुधाची व्यवस्था कशी राखावी?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते याविषयी लिहितो. या अंकात विषय निराळा आहे. तो ऊस विकास खात्याने का मांडावा, असेही काही सभासदांना वाटेल. कारण सरळ आहे. गळीत हंगामात आमचे दिवस फडात आणि बांधावर जातात. तिथे आणि सभासदांच्या वस्तीवरही तान्ही मुले दिसतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या तोंडात बाटली असते. बाटलीत काय आहे म्हणून विचारले तर "दूधच की साहेब" असे सांगतात. जवळून पाहावे तर निम्मे पाणी. आणि "आईचं दूध आटलं" हे त्यावरचे ठरलेले उत्तर.

विहीर उपसली की आटते. आईच्या दुधाचे नेमके उलट आहे. ते काढले गेले नाही म्हणजे आटते. ही एक गोष्ट घरातल्या सर्वांच्या, विशेषतः पुरुष मंडळींच्या लक्षात आली तर पुष्कळ बाटल्या घरात येणारच नाहीत. आम्ही काही डॉक्टर नव्हे. डॉक्टर, नर्सबाई आणि अंगणवाडीच्या ताई जे सांगतात तेच आम्ही शेतकऱ्याच्या बोलीत मांडत आहोत. पुरुष सभासदांनी हे पान बायकांचे म्हणून उलटू नये. आपल्या म्हशीच्या दुधाचे फॅट पॉइंटासकट पाठ असणाऱ्या माणसाला आपल्या नातवाचे वजन ठाऊक नसावे, हे काही ठीक नाही.

दूध आटते म्हणजे काय होते?

बाळ अंगावर ओढू लागले की आईच्या शरीरात दोन कामे सुरू होतात. एक दूध तयार करण्याचे आणि दुसरे तयार झालेले दूध खाली सोडण्याचे. या दुसऱ्याला आपण पान्हा म्हणतो. पहिल्या कामाचा नियम असा की जेवढे दूध काढले जाईल तेवढे पुन्हा तयार होते आणि साचून राहिले तर शरीर आपोआप निर्मिती कमी करते. दूध तयार करणारा स्राव रात्री जास्त असतो, म्हणून रात्रीचे पाजणे मोडू नये.

आता आई सात-आठ तास रानात आणि बाळ घरी, अशा वेळी काय होते ते पाहा. पहिल्या दोन-तीन तासांत छाती भरते, मग दाटते, ठणकते, ब्लाउज भिजतो. चार-आठ दिवस असे गेले की ठणका थांबतो. बाईला वाटते, बरे झाले, अंगवळणी पडले. प्रत्यक्षात दूध कमी झालेले असते. संध्याकाळी बाळ ओढते, पोट भरत नाही, रडते. मग वरचे दूध सुरू होते. वरच्या दुधाने पोट भरले की बाळ अंगावर आणखी कमी ओढते, आणि त्यामुळे दूध आणखी कमी होते. महिनाभरात सगळे म्हणतात, आटलं. मध्ये कधी दुधाची गाठ होते, ताप भरतो. गाठ झाली म्हणून पाजणे बंद करण्याची चूक करू नये. त्या बाजूचे दूध निघत राहणे हाच मुख्य उपाय आहे. मात्र ताप किंवा लाली असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

पान्ह्याचे तंत्र तर आपल्याला कोणी शिकवायला नको. (ही तुलना आयाबहिणींनी मनाला लावून घेऊ नये.) धारेला नवा माणूस बसला, कुत्रे भुंकले, कोणी काठी आपटली की म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत असते, पण खाली येत नाही. बाईचेही तसेच आहे. भीती, दुखणे, घाई, चारचौघांतला संकोच याने पान्हा अडतो. गोठ्यात धारेच्या वेळी कोणी आरडाओरडा केला तर आपण त्याच्या अंगावर धावून जातो. मग बाळंतीण सुनेला "तुला दूधच नाही" असे दिवसातून चार वेळा ऐकवणाऱ्याला काय म्हणावे?

चिकाचेही तेच. गाय व्याली की वासराच्या तोंडात चीक गेला पाहिजे, हे लहान पोरालाही कळते. पण बाईचे पहिले पिवळसर घट्ट दूध पिळून टाकायचे आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवायचे, ही रीत काही घरांत अजून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळे देशात शेकडा ४२ च भरली. पहिले दूध हे बाळाचे पहिले संरक्षण आहे, ते थेंबही टाकू नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. साखरपाण्याबद्दल सांगायचे तर आपला कारखाना साखरेचाच आहे, पण गिऱ्हाईक इतक्या लहान वयात मिळवण्याची आम्हाला घाई नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असते आणि चैत्राच्या उन्हातही ते बाळाला पुरते. फक्त पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध अर्थातच द्यावे.

हाताने दूध काढण्याची रीत

बाई कामावर जाणार असेल तर दूध आटू न देण्याचा आणि बाळाला तेच दूध मिळण्याचा मार्ग म्हणजे दूध हाताने काढणे. याला पैसा लागत नाही, सराव लागतो. म्हणून कामावर जायच्या दोन आठवडे आधी सुरुवात करावी. सकाळच्या वेळी छाती भरलेली असते, तेव्हा एका बाजूला बाळ पाजून झाल्यावर दुसऱ्या बाजूचे काढून पाहावे. पहिल्या दिवशी वाटीचा तळच भिजेल. त्याने हिरमुसून जाऊ नये.

भांडे रुंद तोंडाचे, झाकणाचे, स्टीलचे घ्यावे. घासून, दहा मिनिटे उकळून, पालथे घालून आपोआप सुकू द्यावे. फडक्याने पुसू नये. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, नखे काढलेली असावीत. उसात काम केलेल्या बाईने याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण पानांची कूस हाताला आणि छातीला चिकटलेली असते. छाती साध्या पाण्याने धुतली तरी पुरे. तिथे साबण वारंवार लावल्यास कातडी फुटते. तणनाशक किंवा कीटकनाशक हाताळण्याचे काम अंगावर पाजणाऱ्या बाईला देऊच नये.

आता रीत. निवांत टेकून बसावे. कोमट पाण्यात पिळलेले फडके दोन-तीन मिनिटे छातीवर धरावे आणि बाहेरून बोंडीकडे हलक्या हाताने चोळावे. बाळ जवळ असेल तर मांडीवर घ्यावे, नसेल तर मनात आणावे, पान्हा त्यानेही येतो. मग बोंडीभोवतीचा जो काळसर भाग असतो त्याच्या कडेवर वर अंगठा आणि खाली तर्जनी ठेवावी. आधी दोन्ही बोटे आत, छातीच्या पिंजऱ्याकडे दाबावीत. मग तिथेच एकमेकांकडे दाबावीत. मग सोडावीत. आत दाब, चिमट, सोड, असा ताल धरावा. पहिला एखाद मिनिट काहीच येत नाही, नंतर थेंब येतात आणि पान्हा उतरला की धारा लागतात. बोटांची जागा चक्राकार बदलत जावी, म्हणजे सगळीकडचे दूध मोकळे होते. एका बाजूला चार-पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली. सगळे मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. जनावराची धार काढताना आपण सड ओढतो. बाईने बोंडी ओढायची नाही, पिळायची नाही आणि बोटे कातडीवरून घसरवायची नाहीत. दुखत असेल तर रीत चुकते आहे असे समजावे आणि नर्सबाईंकडून एकदा समोरासमोर शिकून घ्यावे.

दूध काढायचे पंपही मिळतात. रबरी फुग्याचा जुन्या तऱ्हेचा पंप घेऊ नये, फुग्यात शिरलेले दूध धुता येत नाही आणि तिथेच जंतू वाढतात. दांड्याचा हातपंप बरा. शाळेत, बँकेत, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या सभासदांच्या लेकी-सुनांना विजेचा पंप सोयीचा पडतो, कारण वेळ वाचतो. कोणताही पंप असला तरी दुधाला लागणारा प्रत्येक भाग सुटा करून धुवावा लागतो. ज्याला तेवढे जमणार नाही त्याने हातच वापरावा.

कामावर असताना दर तीन तासांनी दूध काढावे. ठेवायला स्वच्छ जागा नसेल आणि काढलेले टाकून द्यावे लागले तरी चालेल, पण काढावे. दूध वाया गेले असे त्या वेळी वाटते खरे, परंतु त्याच्यामुळेच संध्याकाळचे आणि उद्याचे दूध टिकते.

ठेवणे आणि पाजणे

घरात सावलीच्या थंड जागी, म्हणजे साधारण २५ अंशांपर्यंत, काढलेले दूध चार तास चांगले राहते. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर पाजून टाकावे. झाकणाचा डबा माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवल्यास गारवा मिळतो, तरी चार तासांची मर्यादा ओलांडू नये. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवावे. तिथे चार दिवस टिकते. हा हिशेब अखंड विजेचा आहे. आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून त्याच दिवशी वापरलेले उत्तम. प्रत्येक वेळचे दूध वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि आधीचे आधी पाजावे.

ठेवलेल्या दुधावर साय वर येते आणि खाली पातळ, निळसर दिसते. ते नासलेले नसते. भांडे हळू फिरवले की एकजीव होते. म्हशीच्या दुधाशी तुलना करून "यात काही कसच नाही" असे आजीबाई म्हणतात. पण म्हशीचे दूध रेडकासाठी घडलेले आहे. रेडकाला काही आठवड्यांत उभे-आडवे वाढायचे असते, माणसाच्या बाळाला तितकी घाई नसते आणि तेवढी प्रथिने व क्षार त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडाला पेलत नाहीत. काढलेले दूध चुलीवर किंवा गॅसवर तापवू नये, उकळू तर नयेच. कोमट पाण्यात भांडे धरावे. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांनंतर पाजू नये.

पाजायला वाटी-चमचा घ्यावा. जुन्या घरांत बोंडले असते, तेही चालेल, मात्र त्याची चोच आतून साफ होऊन उकळलेली हवी. बाळाला जवळजवळ बसते धरावे, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि त्याला जिभेने ओढू द्यावे. घशात ओतू नये. कमी दिवसांच्या, ओढण्याची ताकद नसलेल्या बाळांनाही दवाखान्यात आईचे काढलेले दूध असेच किंवा नळीने देतात. ज्यांच्या आईला सुरुवातीला दूध पुरत नाही त्यांच्यासाठी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली.

बाटली आम्ही का टाळायला सांगतो? बुचाच्या आत, आट्यांत आणि चोखणीत जंतू राहतात. कोपीत किंवा वस्तीवर ती रोज उकळणे होत नाही. दूध पुरवण्यासाठी पाणी घातले जाते. हगवण तिथून सुरू होते. १९९२ मध्ये आपल्या देशात बाटली आणि डब्यातील दुधाच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली, ती उगीच नव्हे. डॉक्टरांनी काही कारणाने डब्याचे दूध सांगितलेच तर डब्यावरच्या मापानेच करावे. महिना लांबवण्यासाठी पातळ करू नये.

घरी किती दूध ठेवून जावे? एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवस-रात्र मिळून साधारण पाऊण लिटर दूध घेते. आठ तासांसाठी त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे पाव लिटर. ते एका वेळी ६० ते १२० मिलिलिटर असे तीन-चार वेळा. निघताना एकदा अंगावर पाजून जावे, आल्या आल्या हात-छाती धुऊन पुन्हा घ्यावे आणि रात्रभर बाळाला मुभा द्यावी. एवढे झाले तर पाव लिटरला थोडे कमी पडले तरी बाळ रात्री भरून काढते.

पोट भरते की नाही, हे कशावरून ओळखावे?

रडण्यावरून नव्हे. बाळ उकडले, भिजले, पोटात कळ आली, माणूस हवे झाले तरी रडते. घरात बहुतेक बाटल्या या रडण्याच्या चुकीच्या अर्थाने येतात. पीक हिरवे दिसते म्हणून आपण वजन धरत नाही, काट्यावर गेल्यावरच टनेज कळते. बाळाचेही काट्यावरच कळते.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. घाबरण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत आले पाहिजे. पुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज २०-३० ग्रॅम या हिशेबाने महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक वाढ व्हायला हवी. पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट. जन्मताना २ किलो ८०० ग्रॅम असलेले बाळ पाच महिन्यांचे होताना साडेपाच किलोच्या आसपास असावे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात टिंब मांडून घ्यावे. एका टिंबावरून काही ठरत नाही, टिंबे जोडणारी रेघ वर चढते की नाही ते पाहावे. रेघ आडवी झाली तर त्याच महिन्यात दवाखाना गाठावा.

घरच्या घरी रोज बघायची खूण म्हणजे लंगोट. आठवड्याच्या पुढचे, फक्त आईच्या दुधावरचे बाळ दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी करत असेल तर त्याला दूध पोचते आहे. पण वरचे पाणी पाजत असाल तर ही खूण फसवते. पाण्याने लघवी होते, वजन मात्र वाढत नाही. बाळ ओढेना, सारखे झोपून राही, टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, ताप किंवा जुलाब झाले, यांपैकी काहीही दिसले तर उतारा-दृष्टीत वेळ घालवू नये, तडक न्यावे.

आईच्या खाण्याबद्दल थोडे. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे दीड भाकरी, वाटीभर डाळ आणि मूठभर शेंगदाणे जादा. अळीव, डिंक, खसखस जरूर द्यावी, आईच्या अंगाला ती चांगली. परंतु लाडू खाऊन बाळ अंगावर घेतलेच नाही तर दूध वाढत नाही. आणि सगळ्यांची पाने वाढून उरेल ते तिने खावे, ही पंगत उलटी करावी. सहा महिने पुरे झाले की अंगावर चालू ठेवून घरचे मऊ अन्न सुरू करावे : नाचणीची घट्ट पेज, कुस्करलेला वरणभात थोडे तेल-तूप घालून, उकडलेले अंडे. चमच्यावरून ओघळणारे पातळ पाणी नको. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू शकते.

फडावर आपण काय करू शकतो?

बीड, पाथर्डी, जालना भागातून आलेल्या टोळ्यांत तान्ह्या मुलांच्या आया असतात. पहाटे चारला कोपी सोडायची आणि गाडी भरेपर्यंत फडात राहायचे. मजुरी कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, आणि ती टनावर. बाई थांबली की जोडप्याचे टन कमी होतात, म्हणून ती थांबत नाही आणि मुकादमही थांबू देत नाही. बाळ कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. त्या पोरीने दूध झाकावे, भांडे उकळावे, वेळ पाळावी, अशी अपेक्षा करणेच गैर आहे.

म्हणून बाळ फडावर आणता येत असेल तर ते आईजवळच असावे. झोळी धुरळ्यापासून आणि गाडीच्या वाटेपासून दूर बांधावी. आईला दर तीन तासांनी वीस मिनिटे मिळावीत, पाजायला किंवा बाळ जवळ नसेल तर दूध काढायला. वीस मिनिटांत किती मोळ्या मागे राहतात ते आम्ही फडात उभे राहून पाहिले आहे. त्याने गाडीची पाळी चुकत नाही. उलट बाळाला हगवण लागली की दवाखान्यात दोन-तीन दिवस जातात आणि कोयताच बसतो. मुकादमांशी आम्ही हे याच हिशेबाने बोलतो आणि त्यांना ते पटते.

ज्याचा प्लॉट तुटतो आहे त्या सभासदाने एवढे करावे. बांधावर वाढ्यांचा किंवा जुन्या साडीचा एक आडोसा, पिण्याच्या पाण्याचा स्वच्छ पिंप, झाकण, ओगराळे आणि एक साबणाची वडी. टोळी आली की तान्ही मुले किती आहेत ते आमच्या स्लिप बॉयला सांगावे, म्हणजे जवळच्या अंगणवाडीत वजनाची सोय करता येते. गावाकडचे कार्ड सोबत असेल तर त्यावरच नोंद करून घ्यावी. आणि पाण्याच्या पिंपाबाबत एक ताकीद : तणनाशकाचे रिकामे डबे किंवा ड्रम कितीही वेळा धुतले तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये. असे डबे प्लॉटवर दिसल्यास आमचे कर्मचारी ते भोके पाडून निकामी करतील, त्याबद्दल सभासदांनी राग मानू नये.